गोविंद बल्लाळ देवल

देवल, गोविंद बल्लाळ : (१३ नोव्हेंबर १८५५–१४ जून १९१६). मराठी संगीत नाटककार, नट आणि नाट्यशिक्षक. जन्म सांगलीजवळच्या हरिपूर येथे. बेळगावात असताना अण्णासाहेब किर्लोस्करांशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्याच नाटक मंडळीत देवल नट व तालीममास्तर म्हणून घडले. पुढे ‘गंधर्व नाटक मंडळी’लाही त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ झाला. गाता गळा म्हणजेच नट, अशी समजूत रूढ होत असण्याच्या काळात शब्दांचा अर्थ, उच्चार आणि मुद्राभिनय यांवर ते तालमीत भर देत. बालगंधर्वांना अभिनयाचे धडे त्यांच्याकडूनच मिळाले.

देवलांच्या सात नाटकांपैकी सहा आधारित आहेत. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचे, ‘शापसंभ्रम’ बाणाच्या ‘कादंबरी’वरचे, तर ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून उतरलेले आहे, तरी त्यांतली भाषा इतकी घरगुती आहे की मूळ कृती परकी असल्याची जाणीव प्रेक्षकाला क्वचितच होते. मोलिएरच्या प्रहसनाचे इंग्रजी रूपांतर समोर ठेवून लिहिलेल्या ‘फाल्गुनराव’ या गद्य नाटकाला पदे जोडून त्यांनी ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. त्यातील पात्रांना महिन्यांची व नक्षत्रांची नावे आहेत. १९१६ मध्ये, म्हणजे देवलांच्या निधनाच्याच वर्षी, गंधर्व मंडळीने ते रंगभूमीवर आणले.

‘शारदा’ (१८९९) हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक, आणि सर्वांत मोठेही. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित हा सौदा जुळवतो आणि तरुण कोदंड त्याला विरोध करतो. किर्लोस्कर मंडळींनी रंगवलेल्या या नाटकाने पौराणिक राजे-राण्यांत रमलेल्या संगीत रंगभूमीवर ब्राह्मण घरातला वर्तमान प्रश्न उभा केला. येथे पदे कथेला थांबवत नाहीत. बोलता बोलता भावना असह्य झाली की संवादच गाणे होतो, आणि गाणे संपताच पात्र पुन्हा साध्या बोलीत उतरते. रोज तालीम घेणाऱ्या माणसालाच असे सांधे जमतात, हे संहिता वाचताना जाणवते. दिंडी, साकी यांसारख्या ओळखीच्या चालींमुळे ही पदे नाट्यगृहाबाहेर घरोघरी पोहोचली. बालगंधर्वांनी पुढे शारदेची भूमिका केली. शेवटी वधू-वर सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडते. म्हणजे मुलीची सुटका तिच्या नकाराने नव्हे, तर शास्त्राच्या आधाराने होते. ही मर्यादा खरी असली, तरी लग्नाच्या बाजारात मुलीचे मत कोणी विचारत नाही ही वेदना त्या काळात एवढ्या स्पष्टपणे रंगमंचावरून मांडणे धाडसाचे होते.