देवदारी लाकूड

बडोद्याच्या मराठी घरांत 'देवदारी' म्हटले जाणारे खोक्या-फळ्यांचे लाकूड बहुधा देवदाराचे नसते. ते चिडाचे किंवा परदेशी पाइनचे असते. खरा देवदार (सीड्रस देवदारा) पश्चिम हिमालयात साधारण १,५०० ते ३,२०० मी. उंचीवर वाढतो, चीड (पायनस रॉक्सबर्घाय) त्याखालच्या उतारांवर.

नावांची ही सरमिसळ जुनी आहे. अमरकोशात (काळाविषयी मतभेद, चौथे ते आठवे शतक) 'पूतिकाष्ठ' हा शब्द देवदारु आणि सरल या दोन्हींच्या पर्यायांत येतो. सरल म्हणजे चीड, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कुमारसंभवात हत्ती गाल घासतात तेव्हा सरलवृक्षांतून चीक पाझरून डोंगरमाथे दरवळतात. हे वर्णन भरपूर राळ देणाऱ्या चिडालाच शोभते. बंगालीत तर 'देबदारु' म्हणजे आपला खोटा अशोक. म्हणून जुन्या ग्रंथात नुसता 'पूतिकाष्ठ' आढळला, तर वृक्ष ठरवण्याची घाई करू नये.

प्रत्यक्ष लाकूड हाती आले की संशय फिटतो. चिडाच्या आडव्या छेदावर भिंगातून राळेच्या नलिका दिसतात. देवदारात त्या एरवी नसतात, झाडाला इजा झालेल्या जागी तेवढ्या तयार होतात. देवदाराचा गाभा सुगंधी, तेलकट व टिकाऊ. चीड मात्र प्रक्रियेवाचून ओल आणि वाळवीपुढे टिकत नाही. रेल्वेच्या स्लीपरांसाठी त्याला आधी क्रिओसोट (डांबरापासून काढलेले लाकूडरक्षक तेल) पाजावे लागे.

आज गुजरातेत मिळणारे पाइन बरेचसे आयातीचे. ते कांडला बंदरात उतरते आणि गांधीधामच्या लाकूडगिरण्यांत चिरले जाते. निर्यातीच्या पेट्यांसाठी ते गाभ्यापर्यंत ५६° से. तापमानाला सलग ३० मिनिटे तापवतात. पेटीवरचा 'एचटी' (हीट ट्रीटमेंट) शिक्का त्याचाच.

देवदारीवर रंधा हलका चालतो, पण गाठीपाशी रेषा फिरतात आणि तिथेच कपचा उडतो. करवतीला चिकटलेली राळ टर्पेंटाइनने पुसावी. टोकाजवळ खिळा मारायचा तर आधी भोक पाडावे. रंगापूर्वी गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचा हात दिला नाही, तर उन्हाळ्यात रंगातून पिवळे डाग फुटतात. संखेड्याचे लाखकाम सागावर होते, वाड्यांनाही साग प्रिय; त्या तुलनेत देवदारीला हलके मानतात. हा त्यावर अन्याय आहे. कोरड्या जागेतली मांडणी, फडताळाची पाठ, गणपतीचे मखर यांना ते उत्तम. ओल्या फळीवर चढणारी निळसर झाक बुरशीची असते. तिने मजबुती फारशी घटत नाही, पण पॉलिशखाली ती लपतही नाही, म्हणून अशी फळी आतल्या बाजूला लावावी.