घशाशी येणाऱ्या आम्लाची तपासणी

जठरातले आम्ल आणि पेप्सिन हे पाचकद्रव्य अन्ननलिका ओलांडून घसा व स्वरयंत्रापर्यंत चढते, तेव्हा त्या विकाराला लॅरिंगोफॅरिंजियल रिफ्लक्स किंवा एलपीआर म्हणतात. ‘घशाशी येतं’ असे आपण सहज म्हणतो आणि सोबत छातीतली जळजळ गृहीत धरतो. एलपीआरच्या बऱ्याच रुग्णांना मात्र जळजळ होतच नाही. सारखे खाकरावे लागते, सकाळी आवाज बसलेला असतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते, कोरडा खोकला हटत नाही. हीच लक्षणे ॲलर्जी, धूम्रपान किंवा आवाजाच्या अतिवापरातही दिसतात. निदानाची अडचण इथूनच सुरू होते.

पीटर बेलाफ्स्की, ग्रेगरी पोस्टमा व जेमी कौफमन या अमेरिकी डॉक्टरांनी २००२ मध्ये नऊ लक्षणांची प्रश्नावली मांडली. प्रत्येक लक्षणाला ० ते ५ गुण असतात. एकूण ४५ पैकी १३ च्या वर गेल्यास संशय धरतात. दुर्बिणीने दिसणारी स्वरयंत्रामागची लाली व सूज मोजण्याची गुणपद्धतीही याच गटाची, २००१ मधली. पण ही लाली ठणठणीत माणसांतही आढळते. त्यामुळे केवळ ‘घसा लाल आहे’ एवढ्यावर आम्लाचे निदान करणे योग्य नव्हे. दुर्बीण हवीच, पण वेगळ्या कारणासाठी: चार आठवड्यांत न सुधारलेल्या आवाजामागे गाठ किंवा कर्करोग नाही ना, हे पाहायला. तंबाखू, मिश्री वा बिडीची सवय असणाऱ्याने तर एवढीही वाट पाहू नये.

‘आधी गोळ्या घेऊन बघा’ हा सर्वांत रुळलेला मार्ग. ब्रिटनमध्ये ३४६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅन्सोप्राझोल ही आम्लरोधक गोळी दिवसातून दोनदा, १६ आठवडे देऊनही घशाच्या तक्रारींवर त्याचा गुण बिनऔषधी गोळीपेक्षा जास्त आला नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच, जळजळ नसलेल्या रुग्णाची आधी रिफ्लक्सची तपासणी करावी, असे सुचवले आहे.

ती तपासणी म्हणजे २४ तासांची पीएच-इम्पिडन्स नोंद. पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र; इम्पिडन्स म्हणजे नळीभोवतीच्या द्रव-वायूचा विद्युतरोध. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात, तिचे बाहेरचे टोक गालावर चिकटवतात आणि कमरेला छोटे यंत्र लावून रुग्णाला घरी पाठवतात. त्याने नेहमीचे जेवावे, नेहमीसारखे झोपावे. जेवताना, आडवे होताना, खोकला आल्यावर यंत्राचे बटण दाबावे आणि वहीत वेळ लिहावी. बटण चुकले, तर खोकला आम्लाने आला की नुसताच, हे आलेखावरून सांगता येत नाही. पीएच ४ च्या खाली गेला की आम्ल वर आले, असे धरतात. इम्पिडन्समुळे आम्ल नसलेला स्राव, वायू आणि त्यांची उंचीही कळते. घशाच्या विकारात हे फार मोलाचे, कारण पेप्सिन सौम्य आम्लातही काम करते.

अन्ननलिकेच्या खालच्या भागात एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून जास्त काळ आम्ल असणे हे रोगाचे लक्षण, ४ टक्क्यांखाली प्रकृती ठीक. घशासाठी इतका पक्का आकडा रुजलेला नाही. २४ तासांत एकाहून अधिक वेळा स्राव तिथवर चढल्यास निदान धरावे, असे अलीकडे तज्ज्ञ मानू लागले आहेत. लाळेतले पेप्सिन तपासणे सोपे आणि बिनत्रासाचे, पण दिवसाच्या वेळेनुसार निकाल बदलतो, म्हणून एकाच नमुन्यावर विसंबत नाहीत.

निदान अजून झालेले नसेल तर आम्लरोधक गोळ्या तपासणीच्या आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून, थांबवतात. रिफ्लक्स पूर्वीच सिद्ध झाला असून त्रास टिकून असेल, तर तपासणी गोळ्या चालू ठेवूनच करतात.