पिशवीचं तोंड आणि एक टाका

इंदूरला रामबागेत आमच्या ओळखीच्या घरातल्या सुनेचं पाचव्या महिन्यात दुसऱ्यांदा मूल गेलं. दोन्ही वेळा कळा अशा आल्याच नाहीत. कंबर जड झाली, खाली दाब आल्यासारखं वाटलं आणि काही तासांत सगळं संपलं. मी भेटायला गेले तेव्हा ती जिने चढली, स्कूटरवर बसून राजवाड्याला गेली, पपई खाल्ली अशी तिच्यासमोरच उजळणी चालली होती. ती मान खाली घालून ऐकत होती. यातल्या एकाही गोष्टीनं तिचं मूल गेलेलं नाही.

गर्भाशयाच्या तोंडाला, म्हणजे आपण बोलताना ‘पिशवीचं तोंड’ म्हणतो त्याला, बहुतेकजण आवळून धरणारा स्नायू समजतात. प्रत्यक्षात त्यात स्नायू थोडा आणि कोलॅजेन फार. कोलॅजेनचे धागे पीळ घातलेल्या दोरखंडासारखे असतात. धाग्याधाग्यांत रासायनिक बंध असतात आणि वाढत्या गर्भाचा भार खरं तर तेच पेलतात. गरोदरपणात नवे बंध कमी पडत जातात. शेवटी शेवटी हायलुरॉनिक आम्ल वाढतं, ते पाणी ओढून घेतं, धागे एकमेकांपासून सुटे होतात, काही विकरं (एन्झाइम) ते कापूही लागतात. टणक तोंड लोण्यासारखं मऊ होतं. नवव्या महिन्यात हे व्हायलाच हवं. पाचव्या महिन्यात झालं, किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेनं वा जन्मतःच ही ऊती कमजोर असली, तर कळांवाचून तोंड उघडतं.

उघडतं तेही आतून. सोनोग्राफीत आधी इंग्रजी ‘टी’सारखी दिसणारी आकृती वाय, व्ही आणि मग यू होत जाते, बाहेरचं तोंड तोवर मिटलेलंच असू शकतं. म्हणून नुसत्या बाहेरच्या तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही, योनीमार्गातून सोनोग्राफी करून लांबी मोजावी लागते. गरोदरपणाच्या मध्यावर ती साधारण ३५ ते ४० मिलिमीटर असते. २४ आठवड्यांच्या आत २५च्या खाली आली आणि आधीचं मूल असंच गेलेलं असलं, की तोंड बांधून ठेवणाऱ्या टाक्याचा विचार होतो. आधीचा इतिहासच स्पष्ट असेल तर लांबी घटायची वाट न पाहता १२ ते १४ आठवड्यांना टाका घालतात.

हा टाका जगाला दिला तो मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी, १९५५ साली. त्यांनी बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून ती तोंडाभोवती बांधली होती. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी बटव्याची नाडी ओवावी तसा सोपा टाका सांगितला. खालून घातलेला टाका टिकला नाही, तर पोटातून वर, आतल्या तोंडापाशी बांधता येतो; मग बाळंतपण सिझेरियननंच.

पण सरसकट ‘खबरदारी म्हणून टाका’ हेही मला पटत नाही. जुळं आहे किंवा टेस्ट ट्यूबचं बाळ आहे, एवढ्यावरून टाका घालून फायदा होत नाही. आधी काही गेलेलं नसताना तोंड आखूड दिसलं, तर योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देणं हा पहिला उपाय. आणि महिनोन्‌महिने पलंगावर निजवून ठेवल्यानं मूल टिकतं असं दिसलेलं नाही. पायांच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका मात्र वाढतो.

त्या मुलीच्या कमरेला सासूबाईंनी काळा दोरा बांधला होता. त्यामागची काळजी मला कळते. पण कमरेवरच्या दोऱ्यानं आतला एक बंधही घट्ट होत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, दोन्ही वेळचे कागद एका पिशवीत घालून ठेवा आणि पुढच्या वेळी दिवस राहिले की तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांना दाखवा. मध्येच खाली दाब वाटला, पांढरं पाणी वाढलं, डाग दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. सगळं नीट गेलं तर ३६-३७व्या आठवड्यात टाका काढतात. साधा मॅकडोनाल्डचा असेल, तर बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही.