कधी मेणबत्ती पेटायची, कधी नाही

ऑगस्ट १७७१. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली यांनी बंद भांड्यात मेणबत्ती जळू दिली. ती विझल्यावर त्याच हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी पाहतात तर त्या ‘बिघडलेल्या’ हवेत मेणबत्ती पुन्हा झकास जळाली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खरी गंमत मात्र पुढे आहे: प्रयोग दरवेळी जमेना. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शील यांना उलटाच अनुभव आला आणि पुढे खुद्द प्रीस्टलींचेही निकाल डळमळू लागले. प्रकाशसंश्लेषणाच्या, म्हणजे झाड आपलं अन्न कसं बनवतं याच्या, शोधातलं हे एक मोठं कोडं.

त्याआधी झाड मातीच खाऊन वाढतं, हा समज सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी मोडला होता. त्यांनी कुंडीत विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन दीडशे पौंडांहून जास्त वाढलं, माती घटली जेमतेम दोन औंस. निष्कर्ष त्यांनी काढला तो असा, की झाड पाण्याचंच बनतं. हवेकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

प्रीस्टलींचं कोडं सोडवलं यान इंगेनहाउझ या डच वैद्याने. १७७९च्या उन्हाळ्यात लंडनजवळ मुक्काम ठोकून त्यांनी पाचशेच्या वर प्रयोग केले. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येत, अंधारात थांबत. हवा सुधारते ती फक्त हिरव्या भागांनी आणि फक्त उजेडात. रात्री झाडही आपल्यासारखीच हवा बिघडवतं. म्हणजे प्रीस्टलींच्या प्रयोगात कमी-जास्त होत होता तो उजेड. (रात्री झाडाखाली झोपू नये, या आपल्याकडच्या सल्ल्याला इतपतच आधार. शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.)

पुढे सेनेबिए यांनी कार्बन डायऑक्साइड लागतो हे दाखवलं. १८०४ साली द सोस्यूर यांनी मोजमाप करून झाडाच्या वजनात पाण्याचाही वाटा असल्याचं सिद्ध केलं. कच्चा माल कळला. पण कामाचा वेग कशावर ठरतो?

याचं उत्तर केंब्रिजच्या एफ. एफ. ब्लॅकमन यांनी १९०५ साली दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा विचार हाच. पोळ्या भराभर लाटल्या, पण तवा एकच असेल, तर ताटात पोळ्या तव्याच्याच वेगाने पडणार. तसंच पानाचं: उजेड, कार्बन डायऑक्साइड, तापमान यांपैकी जे सर्वांत कमी पडतं, तेच वेग ठरवतं. बाकीचं कितीही वाढवा, फरक पडत नाही.

त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. मंद उजेडात तापमान वाढवलं तरी वेग जवळजवळ तेवढाच राहायचा. भरपूर उजेडात मात्र तो उष्णतेबरोबर चढायचा. निव्वळ प्रकाशाने घडणाऱ्या क्रियेला थंडी-उन्हाचं फारसं देणंघेणं नसतं. म्हणजे पानात दोन कामं चालत असली पाहिजेत: एक प्रकाश पकडण्याचं, दुसरं विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीने होणारं साधं रसायनाचं. पानाच्या आत न डोकावता, नुसत्या आकड्यांवरून लागलेला हा शोध!

आत डोकावणं नंतर जमलं. १९४१ साली रूबेन आणि केमन यांनी बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो हे दाखवलं. महायुद्धानंतर अमेरिकेत बर्कलेला कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढत शर्करा बनण्याची साखळी उलगडली. १९६१चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनना मिळालं.

या साखळीतला पहिला पदार्थ तीन कार्बनचा. पण हवाईमधल्या संशोधकांना उसाच्या पानात आधी चार कार्बनची आम्लं सापडली. ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली त्याचा उलगडा केला. कार्बन पकडणारं रुबिस्को हे विकर चुकून ऑक्सिजनही पकडतं, आणि ऊन तापलं की ही चूक वाढते. गहू, भात, हरभरा यांना तो तोटा सोसावा लागतो. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आधी चार कार्बनच्या आम्लात कार्बन बांधून आतल्या पेशींत पोचवतात आणि रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची गर्दी करतात, म्हणजे चूक टळते. त्यामुळे पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) थोडी मिटली तरी काम चालतं, पाणी वाचतं. किलोमागे हिशेब केला तर ऊस पाण्याचा उधळ्या नाही. तो शेतात बारा ते अठरा महिने उभा राहतो आणि वाढतोही अफाट, म्हणून त्याची तहान मोठी.

कार्बन आत पोचवणाऱ्या या पंपाला जादा ऊर्जा लागते, आणि थंडीत त्याचा फायदा उरत नाही. गारठा पडला की उसाची वाढ मंदावते. प्रकाशसंश्लेषण मात्र वाढीइतकं मंदावत नाही, आणि न खर्चलेली साखर कांड्यांत साठत जाते. आपला गळीत हंगाम हिवाळ्यात असतो तो त्यामुळेच.