पार्श्वभूमी : उंदराच्या मादीचं चक्र कोण चालवतं?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रयोगशाळेतल्या उंदरांचं प्रजनन हा मादीच्या शरीराचा अंतर्गत मामला समजला जाई. दर चार-पाच दिवसांनी माज, गर्भ राहिला तर साधारण वीस दिवसांनी पिल्लं, आणि हे सगळं संप्रेरकांच्या लयीत. पिंजऱ्यात सोबतीला कोण आहे, याकडे फारसं लक्ष जात नसे.

या समजाला पहिला तडा नेदरलँड्समध्ये गेला. १९५५ साली वान डर ली आणि बूट यांना दिसलं, की माद्या नराविना एकत्र ठेवल्या तर त्यांचं चक्र बिघडतं आणि काहींना चक्क खोटी गर्भावस्था येते. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वेस्ली व्हिटन यांनी उलट बाजू दाखवली. नर जवळ आला की थांबलेल्या माद्या माजावर येतात, आणि बहुतेकींचं मीलन तिसऱ्या रात्री होतं. नर प्रत्यक्ष हवा असंही नाही, त्याच्या लघवीचा वास पुरतो. अनेक माद्या एकाच वेळी माजावर आणायच्या असतील तर नराच्या पिंजऱ्यातला भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा, ही युक्ती प्रयोगशाळांत आजही चालते.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९५९ सालचा शोध. लंडनमध्ये काम करणाऱ्या हिल्डा ब्रूस यांनी नुकतंच मीलन झालेल्या माद्यांजवळ परका नर आणून ठेवला. बऱ्याच माद्यांचा गर्भ रुजलाच नाही आणि काही दिवसांत त्या पुन्हा माजावर आल्या. ज्याच्याशी मीलन झालं होतं तोच नर परत आणला, तर मात्र काहीच बिघडलं नाही. पुढे यामागची साखळी उलगडत गेली. परक्या वासाने मादीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून होणारा प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा स्राव घटतो, त्यामुळे गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडतं, आणि गर्भाशय गर्भ रुजवून घेत नाही. गर्भ एकदा रुजला की हा परिणाम होत नाही. परके नर नवजात पिल्लांना अनेकदा मारतात, त्यामुळे वाया जाणाऱ्या पिल्लांवर मादीने शक्ती न घालवणं तिच्या फायद्याचं असावं, असा एक तर्क आहे. तो पटण्याजोगा आहे, पण बहुतेक पुरावा पिंजऱ्यांतला आहे.

त्याच वर्षी कार्लसन आणि ल्यूशर यांनी ‘फेरोमोन’ (एका प्राण्याने सोडलेला आणि त्याच जातीच्या दुसऱ्यावर परिणाम करणारा रेणू) ही संज्ञा मांडली आणि बुटेनान्ट यांच्या गटाने रेशीमकिड्याच्या मादीचा गंधरेणू ओळखला. कीटकांवरून घडलेली ही कल्पना उंदरांना लगेच लावली गेली. ती पुरेशी नव्हती, असं माझं मत आहे. ब्रूस यांच्या माद्या नुसत्या वासाला प्रतिसाद देत नव्हत्या. मीलनाच्या वेळी त्यांनी जोडीदाराचा वास लक्षात ठेवला होता, म्हणून तर परका नर त्यांना परका वाटला. इथे रेणूइतकीच ओळखही महत्त्वाची होती.

असे वास टिपणारं नाकातलं खास ज्ञानेंद्रिय (व्होमेरोनेजल इंद्रिय) आधीपासून माहीत होतं. डॅनिश शल्यचिकित्सक लुडविग याकोबसन यांनी १८१३ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. १९९५ मध्ये कॅथरीन डुलाक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना या इंद्रियातल्या ग्राहींची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुकं सापडली. २००२ मध्ये त्याचं काम बंद पाडणारा जनुकीय बदल केलेले नर उंदीर दुसऱ्या नरांवर हल्ला करेनात, उलट मादी समजून त्यांच्याशीच मीलनाचा प्रयत्न करू लागले. २०१० मध्ये जेन हर्स्ट यांच्या गटाने नराच्या लघवीतलं ‘डार्सिन’ हे प्रथिन ओळखलं. मादी त्याकडे ओढली जातेच, शिवाय त्या विशिष्ट नराचा वासही शिकून घेते.

आवाजाची बाजू उशिरा पुढे आली, कारण तो आपल्या कानांच्या पलीकडचा आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं. घरट्याबाहेर पडलेली पिल्लं त्याहून वरच्या पट्टीत ओरडतात आणि आई त्यांना उचलून आणते. माद्यांच्या सान्निध्यात नरही असेच आवाज काढतात. त्यांत पुन्हापुन्हा येणाऱ्या, गाण्यासारख्या रचना असल्याचं होली आणि गुओ यांनी २००५ मध्ये दाखवलं.

सहवासाचा, म्हणजे नर-मादी जोडी करून का राहतात हा, प्रश्न मात्र शेतातून आला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉवेल गेट्झ यांच्या सापळ्यांत प्रेअरी व्होल या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचे तेच नर आणि त्याच माद्या वारंवार एकत्र सापडत. या निरीक्षणावरून स्यू कार्टर आणि इतरांनी ऑक्सिटोसिनचा माग काढला, आणि १९९०च्या दशकात हे संप्रेरक जोडीबंधाचं मुख्य कारण म्हणून प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले व्होल जनुकीय संपादनाने तयार केले गेले. त्यांनीही जोड्या जमवल्या आणि पिल्लं वाढवली. त्यामुळे हे बंध विणण्यात आणखी कोणते रेणू आणि कोणते अनुभव सामील आहेत, हा प्रश्न पुन्हा खुला झाला आहे.