षष्टिमान पद्धती

साठ हा पाया मानून संख्या लिहिण्याची व मापे विभागण्याची पद्धती. आजच्या दक्षिण इराकमध्ये सुमेरियन लोकांनी ती रुजवली आणि इ. स. पू. २००० नंतर बॅबिलोनियन लेखनिकांनी तिला स्थानमूल्याची जोड दिली. प्राचीन संस्कृतींचा वारसा म्हटले की पिरॅमिड, मंदिरे किंवा कायदे आठवतात. पण जगातली बहुतेक माणसे तो वारसा रोज हाताळतात तो घड्याळात. तासाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद, वर्तुळाचे ३६० अंश हे सारे या पद्धतीतून आले.

साठाला १२ विभाजक आहेत, शंभराला ९. साठाचा तिसरा भाग २०, सहावा १०. दशमानात एक-तृतीयांश लिहायला गेले की ०.३३३… संपतच नाही. चांदी आणि धान्य वाटून देणाऱ्या लेखनिकाला हा फरक चांगलाच जाणवत असणार. त्यांची वजनेही याच पायरीने चढत : ६० शेकेल म्हणजे एक मिना, ६० मिना म्हणजे एक टॅलंट. ओल्या मातीच्या फलकावर बोरूने एककाची उभी व दहाची कोनाकृती अशा दोनच खुणा उमटवून कोणतीही संख्या लिहिता येई. शून्य नव्हते, रिकामी जागा दाखवणारी खूण फार उशिरा आली. तरीही येल विद्यापीठाच्या संग्रहातील तळहाताएवढ्या एका फलकावर २ चे वर्गमूळ १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६००० असे दिले आहे. दशमानात ते १.४१४२१२९६ होते, खरी किंमत १.४१४२१३५६. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची ही अचूकता थक्क करणारी आहे.

दिवसाचे २४ तास मात्र इजिप्तचे. तिथे दिवसाचे १२ व रात्रीचे १२ भाग करत आणि ऋतूप्रमाणे ते लहानमोठे होत. सारख्या लांबीचे तास आधी ग्रीक ज्योतिर्विदांनी गणितासाठी वापरले. घड्याळाच्या तबकडीवर अशा दोन संस्कृती एकत्र आल्या आहेत.

सहज भाग जातो म्हणून साठ टिकला, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. टिकण्याचे मोठे कारण आकाशनिरीक्षणांच्या नोंदी हे आहे. ग्रहगणिताला शतकांमागची निरीक्षणे लागतात आणि ती बॅबिलोनियात होती. इ. स. दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या खगोलग्रंथात इ. स. पू. ७२१ मधील बॅबिलोनमधले चंद्रग्रहण वापरले आणि आपली कोष्टकेही साठाच्या अपूर्णांकांतच मांडली. जुन्या नोंदी हव्या तर जुने मापही सांभाळावे लागे. भारतीय सिद्धान्तग्रंथांत अहोरात्राच्या ६० घटी, घटीची ६० पळे. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. वर्तुळाच्या अशा २१,६०० कला धरून आर्यभटाने त्रिज्या ३,४३८ कला घेतली. इ. स. १००० च्या सुमारास मध्य आशियातील विद्वान अल-बिरूनीने तासाचेही साठ-साठ भाग पाडले. समरकंदच्या अल-काशी या गणितज्ञाने १४२४ मध्ये २π ची किंमत साठाच्या नऊ स्थानांपर्यंत काढली. स्पेनमधील टोलेडोत तयार झालेल्या आल्फॉन्सो राजाच्या ग्रहगणिताच्या कोष्टकांमधून युरोपही हेच गणित शिकला. सामान्य माणसाच्या हाती मिनिट पोचले ते फार नंतर. १६५६ मध्ये डच वैज्ञानिक हायगेन्सने लंबकाचे घड्याळ रचल्यावर मिनिटकाट्याला खरा अर्थ आला.

साखळी तोडण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये १० तासांचा दिवस, १०० मिनिटांचा तास आणि १०० सेकंदांचे मिनिट असा कायदा केला. १७९५ मध्येच तो स्थगित झाला. त्याच काळातले मीटर व किलोग्रॅम जगभर गेले, कारण तिथे गावोगावची निराळी मापे व्यापाराला नडत होती. वेळेबाबत तशी अडचण नव्हती. तासाचे भाग सगळीकडे तेच होते.

नौकानयनात अक्षांशाच्या एका मिनिटावरून १,८५२ मीटरचा सागरी मैल ठरला. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियम-१३३ अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. जुन्या सेकंदाशी मेळ राहावा म्हणून हा आकडा तसा निवडला गेला. सेकंदाखाली मात्र साठ सुटला. अल-बिरूनी सेकंदाचेही साठ भाग करून आणखी खाली उतरत असे. आज तिथे मिलिसेकंद आणि नॅनोसेकंद, म्हणजे दशमान, चालते.