१९९० साली रेषा का वळली?

१९८०च्या दशकात स्तनांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या दरात ब्रिटन जगात अगदी वरच्या रांगेत होता. मग १९९०च्या सुमारास वर चढणारी रेषा वळली आणि झपाट्याने उतरू लागली. अमेरिकेतही १९८९ हे शिखर ठरलं. २०२२पर्यंत तिथला मृत्युदर सुमारे ४४ टक्क्यांनी घटला.

श्रेय कोणाचं? पहिलं नाव येतं मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचं. पण ब्रिटनची सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली तीच १९८८ साली, आणि गाठ लवकर सापडल्याचा फायदा मृत्यूंच्या आकड्यांत उतरायला काही वर्षं जातात. शिवाय ही मोहीम पन्नाशी गाठलेल्या बायकांसाठी होती. दर मात्र त्याहून तरुण बायकांमध्येही घसरला. म्हणून सुरुवातीच्या घसरणीचं बरंचसं माप टॅमॉक्सिफेन हे औषध आणि केमोथेरपी यांच्या पदरात टाकावं लागतं. अनेक गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसतात. टॅमॉक्सिफेन पेशीतली इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं आणि गाठीची उपासमार होते. पुढे तपासणीचाही हातभार लागला, पण किती? २००५ साली अमेरिकेत सात संशोधक गटांनी गणित मांडलं. तपासणीचा वाटा कुणी २८ टक्के काढला, कुणी ६५! तेव्हा ठाम आकडा सांगणाऱ्यापासून जरा सावधच राहावं.

देशादेशांची तुलना करताना आणखी एक मेख असते. म्हाताऱ्यांची संख्या जास्त असलेल्या देशात कर्करोगाचे मृत्यू जास्त होणारच, म्हणून सगळीकडची वयोरचना सारखी धरून दर काढतात. ‘निदानानंतर पाच वर्षं जगलेल्या’ रुग्णांचा आकडाही फसवा असतो: गाठ दोन वर्षं आधी सापडली की मृत्यूची तारीख न बदलताही तो सुधारतो.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मात्र सुन्न करतात. अतिविकसित देशांत दर १२ बायकांपैकी एकीला आयुष्यात कधी तरी हा रोग होतो आणि ७१पैकी एक त्याने दगावते. सर्वांत कमी विकसित देशांत रोग होतो २७पैकी एकीला, पण दगावते ४८पैकी एक. म्हणजे तिकडे रोग निम्म्याहून कमी आणि मृत्यू जास्त. टॅमॉक्सिफेन आता स्वस्त आहे, पण ते कुणाला लागू पडेल हे कळायला गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो, आणि अनेक ठिकाणी अडतं ते तिथेच. म्हणूनच संघटनेच्या २०२१च्या उपक्रमात औषधोपचारांइतकाच भर आहे एका साध्या मुदतीवर: पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्यापासून ६० दिवसांत निदान.